मंगळावरचं बरड वावर

*ताई, नमस्कार.*

*मी रिसोड तालुक्यातल्या एका गावची. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, एस.टी.नं येऊन-जाऊन करते. मावसभावानं मला 'द मार्शियन' ही इंग्रजी कादंबरी वाचायला दिली. मंगळावर एकटाच मागे राहिलेला माणूस बटाटे पिकवून जगतो, अशी गोष्ट आहे. डिक्शनरी शेजारी ठेवून वाचली, दोन महिने लागले. आता १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन आहे आणि गावच्या वाचनालयात मला या पुस्तकावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं आहे. मी चार पानं लिहिली, ती सोबत पाठवते. त्यात माती, खत आणि पाणी हेच जास्त आहे. ओळखीच्या एका सरांना दाखवली तर ते म्हणाले, हे परीक्षण नाही. कथानक, पात्रचित्रण, भाषाशैली, संदेश असं लिही. खरं सांगायचं तर यान, कक्षा वगैरे भाग मला समजलाच नाही. आणि अख्ख्या पुस्तकात रडू आलं ते त्याचे बटाटे मेले तिथं. हे सगळ्यांसमोर सांगितलं तर लोक हसतील का?*

*दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. पुस्तकातला माणूस सगळं मोजतो. ते वाचून मीही वही घातली. यंदाचं सोयाबीन: बियाण्याच्या बॅगा, खत, फवारे, मजूर. बाबांच्या हाती ती वही लागली. म्हणाले, "हे काय मांडलं वं? वही लिहून का वावर पिकते?" रात्री आईजवळ बोलताना ऐकलं, "हिशेब मांडला तर झोप लागन का मले?" तेव्हापासून वही गादीखाली आहे. बोलू काय आणि वहीचं करू काय?*

बेटा,

तुझी चार पानं दोनदा वाचली. तिसऱ्या पानावर एक वाक्य आहे: 'मंगळावर माती नाही, मुरूम आहे. आमच्या टेकडीखालच्या बरड वावरासारखा, पण त्यात गांडूळ तर सोडाच, जंतूसुद्धा नाही.' त्यावर तू आडवी रेघ मारली आहेस, बहुतेक सरांना दाखवून आल्यावर. ते वाक्य आधी परत लिहून काढ, मग माझं पुढचं वाच.

सरांवर रागावू नकोस. कथानक-पात्रचित्रण-भाषाशैली हा साचा परीक्षेचा आहे आणि परीक्षेत तो चालतो. वाचनालयात तुझ्यासमोर परीक्षक नसतील. वीस-पंचवीस माणसं असतील, त्यातल्या निम्म्यांच्या हातांना सोयाबीनच्या शेंगांचे ओरखडे असतील. त्यांना 'लेखकाची शैली ओघवती आहे' ऐकून काय करायचं आहे? पण 'मंगळावर मुरूम आहे' म्हटलंस की मागच्या रांगेतला माणूसही सरसावून बसेल, कारण मुरमात काय पिकतं आणि काय पिकत नाही हे त्याला कोणी शिकवायला नको.

शिवाय तुझं वाक्य शास्त्रालाही धरून आहे. मंगळाचा पृष्ठभाग बहुतांशी बेसाल्टचा, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या दगडाचा. आपल्या पायाखालीही तोच. आपली काळी, कपाशीची माती त्याच दगडाची झाली, पण ती व्हायला लाखो वर्षांचा पाऊस, ऊन आणि मुळं लागली. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाचा पहिला पाऊस झाला की मिटतात, ती करामत त्यातल्या चिकणमातीची. मंगळावरचं पाणी अब्जावधी वर्षांपूर्वीच आटलं, आणि मुळं तर तिथं कधी आल्याचं दिसत नाही. दगडाचा भुगा झाला, माती झाली नाही.

म्हणून पुस्तकातला मार्क वॉटनी काय करतो? स्वतःची विष्ठा खत म्हणून घालतो (हे वाचनालयात बिनधास्त सांग, तिथं कोणी नाकाला रुमाल लावणार नाही) आणि प्रयोगासाठी पृथ्वीवरून नेलेली थोडीशी माती त्या मुरमात मिसळतो. दुधाला विरजण लावावं तशी. जंतू वाढतात, माती 'लागते'. मी पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलं, पण मातीतले जंतू मुलांना यापेक्षा सोपे करून सांगता आले नाहीत.

आणि लोणार विसरलीस की! रिसोडहून लोणार फार लांब नाही. बेसाल्टच्या खडकात उल्का आदळून झालेलं ते विवर साधारण पावणेदोन किलोमीटर रुंद आहे. मंगळावरची आणि चंद्रावरची विवरं समजून घ्यायला शास्त्रज्ञ त्याचा अभ्यास करतात, कारण असा दगड आणि असं विवर पृथ्वीवर एकत्र सहसा सापडत नाही. सहलीला जाऊन जिथं डबा खाल्ला असशील, तिथला दगड या कादंबरीच्या नात्यातला आहे. यावर एक मिनिट बोल.

आता माझं मत. पुस्तक मला आवडलं, पण सगळं नाही.

सगळ्यात आवडला तो बटाट्यांचा भाग. वाचताना मीही कागद घेऊन बसले. त्याच्या तंबूवजा घराची जमीन ९२ चौरस मीटर, म्हणजे गुंठ्याला थोडी कमी. (गुंठा १०१ चौरस मीटरचा.) त्यावर दहा सेंटिमीटरचा थर, जेमतेम अर्धी वीत. दिवसाला १५०० कॅलरी तो धरतो. शंभर ग्रॅम बटाट्यात साधारण ७७ कॅलरी, म्हणजे रोज दोन किलो बटाटे लागले. आपल्या देशात बटाट्याचं हेक्टरी उत्पन्न साधारण २५ टन धरलं तर त्याच्या जागेत एका वेळी सव्वादोन-अडीच क्विंटल निघेल. ते खाऊन किती दिवस जातील? शंभर-सव्वाशे. आणि बटाटा तयार व्हायला किती दिवस? नव्वद ते एकशेवीस! म्हणजे पीक येईस्तोवर मागचं पीक संपत आलेलं, हातात शिल्लक काही नाही. मला हसूच आलं. एवढा अंतराळवीर, पण त्याची गत कोरडवाहू कास्तकाराची. म्हणून तर तो जागा वाढवतो. बाजांवर, टेबलांवर, जिथं मिळेल तिथं मुरूम पसरतो. धुऱ्याला तुरीची ओळ टाकणारा माणूस आणि तो, दोघांचं डोकं एकाच दिशेनं चालतं.

हा हिशेब तू फळ्यावर मांडून दाखव. गुंठा, क्विंटल, दिवस. खडू लागेल, आधी सांगून ठेव.

पाण्याचा भागही असाच. इंधनातलं हायड्राझिन तोडून हायड्रोजन काढायचा, तो ऑक्सिजनसोबत जाळायचा, पाणी तयार. दहावीच्या पुस्तकातलं रसायन. आणि त्यात तो चुकतो, स्फोट होतो. का चुकतो हे तुझ्या पानांत आलेलं नाही. त्यावर मी शेवटी येते, कारण तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथंच दिसतं.

न आवडलेलं: ज्या वादळामुळे तो मागे राहतो ते वादळ खोटं आहे. मंगळावरच्या हवेचा दाब आपल्या हवेच्या एक टक्क्याहूनही कमी. तिथला ताशी पावणेदोनशे किलोमीटरचा वाराही आपल्याला झुळुकीसारखाच वाटेल, यान उलटवणं दूरच. लेखक अँडी वीअर यांनी हे स्वतः मान्य केलं आहे. गोष्ट सुरू करायला काहीतरी हवं होतं, इतकंच. दुसरं, २००८ साली नासाच्या फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट नावाचे क्षार सापडले. ते माणसाला बाधतात, पण पाण्यात विरघळतात. म्हणजे लागवडीआधी तो मुरूम धुवून घ्यावा लागला असता. आपल्याकडे खारपाणपट्ट्यातल्या माणसाला विचार, क्षारानं जमिनीचं काय होतं ते तो सांगेल.

आणि वॉटनीची बडबड मला पुढे पुढे खटकली. दीड वर्षाच्या वर एकटा माणूस, आणि पानापानावर विनोद. तो नुसता बसून राहिला आहे, काही बोलत नाही, असं जवळजवळ होतच नाही. शेतातल्या एकट्या माणसाला मी ओळखते, तो गप्प असतो. पृथ्वीवरच्या बैठकांची प्रकरणं तर मी चाळली, पुन्हा वाचणार नाही. तुला कक्षेचं गणित समजलं नाही, तसंच सांग. 'यान पृथ्वीला वळसा घालून परत मंगळाकडे वळवतात, त्याचं गणित मला उलगडलं नाही, कोणाला येत असेल तर चहाच्या वेळी समजावून सांगा.' न समजलेल्या गोष्टीवर तीन मिनिटं बोलणारे वक्ते तू ऐकले असशीलच.

आणखी एक, कारण 'लोक हसतील' हा शब्द तू वापरलास. वीअर तेव्हा पेशानं प्रोग्रामर होते. ही कादंबरी त्यांनी आधी एकेक प्रकरण करून स्वतःच्या संकेतस्थळावर फुकट टाकली. वाचक शास्त्रातल्या चुका काढायचे, ते दुरुस्त करायचे. २०११ साली त्यांनीच ई-बुक काढलं, किंमत ९९ सेंट. मोठ्या प्रकाशकानं ती छापली २०१४ साली, सिनेमा आला २०१५ साली. म्हणजे तुझ्यासारख्या 'पण हे असं कसं?' विचारणाऱ्या वाचकांचा हात या पुस्तकाला लागलेला आहे. आपल्याकडचंही सांगते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' नावाच्या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. पुढे कळलं की ते जयंत विष्णू नारळीकर; स्वतःची आद्याक्षरं उलटी करून नाव घेतलं होतं. आपल्या नावाकडे न पाहता कथा जोखली जावी, एवढ्यासाठी जगभर नाव असलेला शास्त्रज्ञ बिननावाचा झाला. तुझं तर अजून नाव व्हायचंय. तुला गमावायला काय आहे?

बटाटे मेले तिथं रडू आलं, हे सांग. तंबूचं कापड एका क्षणात फाटतं, हवा निघून जाते, उभं पीक जागच्या जागी गोठतं. गारपिटीनंतर हरभऱ्याचं वावर पाहिलेल्या माणसाला ते वाचून काही झालं नाही तरच नवल. मी रडले नाही, पण पुस्तक मिटवून चहा ठेवला.

आता वही.

वॉटनीला मोजणं सोपं होतं, कारण त्याच्या आकड्यांकडे बघायला घरात कोणी नव्हतं. त्याचा हिशेब तुटीचा निघाला तरी त्याला कोणासमोर मान खाली घालायची नव्हती. बाबांना आकडे माहीत नाहीत असं समजू नकोस. बियाण्याची उधारी, पीककर्जाचा हप्ता, फवाऱ्याचे पैसे, त्यांना पै न् पै तोंडपाठ आहे. त्यांना नको आहे ती खाली ओढलेली रेघ, आणि रेघेखालचा आकडा लेकीच्या अक्षरात.

माझं सांगते. आमचं वावर वर्धा नदीच्या काठाला. बाबा हिशेब ठेवायचे दाराच्या मागच्या बाजूला, कोळशानं. मजुरांच्या दिवसांच्या उभ्या रेघा, पाचवी आडवी. मी तेव्हा अकरावीत होते, गणितात पहिली, आणि त्याची ताठ मानेला. एकदा मामा आलेले असताना मी त्या दारासमोर उभी राहून म्हटलं, "बाबा, तुमची बेरीज तीनशेनं चुकली." बाबा काही बोलले नाहीत. चार दिवस बोलले नाहीत. पुढे लग्नानंतर आईनं सांगितलं: बेरीज चुकली नव्हती. ते तीनशे रुपये तिच्या कानातल्या बाळ्या गहाण टाकून आले होते, आणि मला ते कळू नये म्हणून त्यांनी ते दारावर धरलेच नव्हते. मी चूक शोधली मामांसमोर, ज्यांनी त्या बाळ्या तिला लग्नात घातल्या होत्या.

म्हणून माझं म्हणणं असं. वही गादीखालून काढ, पण बेरीज करू नकोस. सध्या तरी नाही. खर्चाची पानं मागे जाऊ दे, पुढून नवीन पान घे आणि त्यावर पैसा सोडून बाकीचं लिही. पेरा कोणत्या तारखेला झाला, कोणत्या नक्षत्रात पाऊस आला, खंड किती दिवसांचा पडला, डवरणी किती वेळा झाली, फुलावर असताना अळी आली का. यातलं तुला काही येत नाही, खरं ना? ते बाबांना येतं. त्यांना विचार आणि ते सांगतील ते, सांगतील तसं लिही. 'रोहिणीत पेरलं नाही, मृगात पेरलं' असं त्यांच्याच शब्दांत. वही त्यांची झाली पाहिजे, तू फक्त लिहिणारी. पैशाचं पान त्यांना उलटावंसं वाटेल तेव्हा ते उलटतील. यंदा नाही तर पुढच्या खरिपात.

आणि आता तो स्फोट. वॉटनीनं सगळं बरोबर धरलेलं असतं. घरात न जळता साठलेला हायड्रोजन घालवायचा म्हणून तो घरातला ऑक्सिजन जवळजवळ काढून टाकतो, स्वतः मुखवट्यातून श्वास घेतो, आणि उरलेला हायड्रोजन जाळायला जातो. विसरतो एकच. माणूस श्वासातला सगळा ऑक्सिजन वापरत नाही, बराचसा परत बाहेर सोडतो. त्याच्याच उच्छ्वासातून घरात ऑक्सिजन साठत गेलेला असतो. हिशेबात त्यानं सगळं घेतलं, स्वतःचा श्वास तेवढा धरायचा राहिला.

तुझ्या पत्रातली यादी मी परत पाहिली. बॅगा, खत, फवारे, मजूर. बेटा, निंदण कोणी केलं? मजूर बायांसोबत आईही होती ना? तिचे दिवस कुठं आहेत? बाबा रात्री रोही हाकलायला वावरात जातात, त्याचे? तू कॉलेजला दांडी मारून फवाऱ्याला पाणी वाहिलं असशील, त्याचे? बाहेरच्या बाईला दिलेली मजुरी यादीत आहे आणि घरच्या बाईची नाही. यात तुझा एकटीचा दोष नाही, आपण सगळे असंच मोजतो. पण केंद्राचा कृषी खर्च व मूल्य आयोग हमीभावासाठी खर्च काढतो, तेव्हा घरच्यांच्या मजुरीचा अंदाजही त्यात धरतो. 'ए-टू अधिक एफ-एल' म्हणतात तो हाच, आणि २०१८-१९ पासून हमीभाव याच खर्चाच्या दीडपट धरल्याचं सरकार सांगतं. तो पुरेसा आहे का, हा वेगळा वाद. पण आईचे दिवस दिल्लीच्या कागदावर धरले जातात आणि तुझ्या वहीत नाहीत, हे काही बरं नाही. तिच्यासाठी एक पान काढ. दाराच्या मागे ओढायच्या तशाच उभ्या रेघा, पाचवी आडवी. पैसे लिहायचे नाहीत, फक्त दिवस. ती हसेल आणि सांगेल.

एक गोष्ट मात्र हलक्यानं घेऊ नकोस. 'झोप लागन का मले' हे बाबा रागात म्हणाले की खरंच त्यांना झोप लागत नाही, हे आईला सरळ विचार. जेवण कमी झालं असेल, चावडीवर जाणं थांबलं असेल, 'माझ्यामागं तुमचं कसं होईल' असं काही तोंडातून निघालं असेल, तर वही, पुस्तक, भाषण सगळं बाजूला ठेव आणि त्यांच्याजवळ बसून थेट विचार की मनात काय चाललंय. विचारल्यानं तसलं काही सुचत नसतं, उलट माणूस मोकळा होतो. त्यांना एकटं ठेवू नका, फवाऱ्याच्या औषधांचे डबे घरातून हलवा, जवळच्या दवाखान्यात घेऊन जा. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा फुकट नंबर आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. आधी तू स्वतः लावलास तरी चालेल. आणि मलाही लगेच कळव.

तसं नसेल, नुसता कास्तकाराचा ताठा असेल, तर घाई नको.

राहता राहिलं भाषण. १५ ऑक्टोबरच्या सुमाराला तुमच्याकडे सोंगणी उरकून मळणीयंत्र गावात फिरत असेल. वाचनालयवाल्यांनी सकाळी अकराची वेळ दिली असेल तर ती बदलून घे, सकाळी कोणी येणार नाही, आणि आले तर पोरं आणि पुढारीच येतील. संध्याकाळी सात म्हण. बटाटे घेऊन जा दोन, डोळे ठेवून कसे कापायचे ते दाखवायला. बाबांना ये म्हण, एकदाच. आग्रह करू नकोस.

तुझी ताई